चिन्नोरचा वास

गोंदिया,
२ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप बाबांना,
पुष्पांजलीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. धानाची रोवणी संपली, बोडीचं तळं भरलं आणि सांडव्यावरून पाणी चाललं आहे हे वाचून बरं वाटलं. फोनवर हे कळलं नसतं. तुमचे कान गेल्यापासून मी फोन केला की तुम्हाला सोडून साऱ्या बोडीटोल्याला ऐकू येतं. हॉस्टेलपासूनची आपली पत्रांची सवय बरी, पोस्टमनखेरीज कोणाला त्रास नाही.

तुम्ही विचारलं, राखीला येशील का. नाही येणार बाबा. उमेंद्र सुट्टी काढून मला घेऊन यायला तयार आहेत, अडचण माझीच आहे. मागच्या खेपेला मी आले ती एप्रिलच्या सतरा तारखेला, शनिवारी. आईला मास्क आणि ऑक्सिमीटर द्यायचं निमित्त होतं, खरं तर मला घरचं जेवायचं होतं. परत जाताना बकारामकाकांनी मला गाडीवर मागे बसवून अर्जुनीच्या स्टेशनावर सोडलं. मंगळवारी माझी तपासणी पॉझिटिव्ह आली आणि शनिवारी काका दवाखान्यात भरती झाले. एक मे रोजी ते गेले. मी खोलीत बंद होते, शेवटचं तोंडही पाहिलं नाही.

मी दिवसाला शंभर लोकांच्या नाकात काडी घालते. लक्षण नसताना माणूस आजार कसा वाटत फिरतो हे मीच लोकांना समजावते, आणि मीच तो घरी घेऊन आले. तुम्ही कोणी मला एक शब्द बोलला नाहीत, पण मंदाकाकीपुढे मी कुठल्या तोंडाने उभी राहू? त्यांनी दार उघडलं तर मला काकांची गाडी दिसेल.

ते असो. तुम्ही अजून लस घेतली नाही. आईने एक डोस घेतला, तुम्ही मात्र आरोग्यवाले आले की बोडीच्या पाळीवर जाऊन बसता. या वयात लपाछपी शोभत नाही.

तुमची माया कमी होऊ देऊ नका, एवढंच मागते.

तुमची,
पुष्पांजली


मु. बोडीटोला, ता. अर्जुनी मोरगाव,
६ सप्टेंबर २०२१, पोळा

चि. सौ. पुष्पांजली हिस,
मनिरामचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की आज बैल धुतले, रंगवले, पुरणाचं खाऊन ते सुस्त पडले आहेत आणि मला वेळ आहे.

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. राखीला तू आली नाहीस, तेव्हा तुझी आई तीन दिवस माझ्यावर रुसली, जणू मीच तुला अडवलं. उद्या नारबोद. पोरं खोकला-ताप घेऊन जा म्हणत गावाबाहेर ओरडत जातील. यंदा त्यात कोरोनाचंही नाव घालणार असं ऐकलं.

लसीचं म्हणशील तर माझ्या अंगात मुळातच ताकद आहे. सारं गाव खोकलत होतं तेव्हा मी मोहफुलं वेचत होतो. चार दिवस अंग मोडून आलं होतं, पण ते उन्हाचं. काडी नाकात घालून तुझ्या लोकांना काय सापडणार होतं? मेंदूच सापडला असता, तोही थोडासा.

आता माझी खरी चिंता ऐक. आपलं वासाचं धान, चिन्नोर, बिघडलं. माझ्या आज्यापासून हे बियाणं घरात आहे, एक वर्ष चुकलं नाही. तुला माहीतच आहे, बियाण्याच्या बांधीत जे झाड उंचीला किंवा रंगाला वेगळं वाटतं त्याचं पान मी चुरगळून हुंगतो. वास आला तर ठेवायचं, नाही तर भेसळ समजून उपटायचं. दरवर्षी भेसळ मुठीत मावते. यंदा वेगळ्या झाडांना वास नाही म्हणून बाकीचीही हुंगत गेलो, दोन दिवसांत दोन बांध्यांतून तीन भारे उपटले. एकाही पानाला वास नाही. बकाराम असता तर दोघांनी मिळून विचार केला असता.

मला संशय तुझ्या आईवर आहे. पाडव्याला तिने खीर केली, तीही बिनवासाची. मी म्हटलं, भलत्या पोत्यातले तांदूळ काढलेस. ती म्हणे चिन्नोरच होय, तुमच्या नाकाले का झालं. त्यावरून आमचं असं वाजलं की सणाचा दिवस दोघांनी पाठीला पाठ लावून काढला. तेव्हापासून ती मला रोज साधाच भात वाढते आणि चिन्नोर म्हणून सांगते. बियाण्याचं पोतंही तिनेच सरमिसळ केलं असेल. कबूल मात्र करत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो जुन्या भातासारखा मुरू दे.

तुझा,
बाबा


गोंदिया,
१० सप्टेंबर २०२१

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी एक काम करा. हे पत्र खाली ठेवा आणि बांधीतून बाहेर या. आता एकही झाड उपटू नका. चिन्नोर बिघडलेलं नाही आणि आईने पोती मिसळलेली नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं झालं आहे.

बाबा, तुमचा वास गेला आहे. घरातला कापूर हुंगून पाहा, आईची लसणाची चटणी हुंगून पाहा. मला खात्री आहे, काही येणार नाही. माझाही गेला होता, दीड महिन्यात परत आला. काहींना वर्ष लागतं. चार दिवसांचं ते अंग मोडणं उन्हाचं नव्हतं.

आता नीट आठवून मला लिहा, खीर नक्की पाडव्याच्याच दिवशी होती ना? पाडवा तेरा एप्रिलला होता आणि मी सतराला आले. तुमचं पत्र मी सहा वेळा वाचलं. दर वेळी मला हिशेब चुकल्यासारखं वाटतं, म्हणून विचारते.

येत्या गुरुवारी आमच्या लॅबचा अश्विन अर्जुनीला येतो आहे. त्याच्याकडे दंडातून थोडं रक्त द्या. त्याला मी ओळख सांगितली आहे, मोठ्या मिशा आणि मोठ्या गप्पा. तुम्ही लस घेतलेली नाही, म्हणून रक्तात त्या आजाराशी लढलेल्या अँटीबॉडी निघाल्या तर आजार होऊन गेला हे पक्कं होईल. कधी झाला हे रक्त सांगणार नाही, ते तुमच्या आणि आईच्या भांडणालाच विचारावं लागेल.

आणि ताकद निघालीच, तर मिशांवर ताव मारू नका. ती किती दिवस टिकते हे कोणालाच धड सांगता येत नाही. लस तरीही घ्यायचीच आहे.

पाळीवर जाऊन लपू नका. मी हात जोडते.

तुमची,
पुष्पांजली


बोडीटोला,
२४ सप्टेंबर २०२१

चि. पुष्पा,
अनेक आशीर्वाद.

आज थट्टा सुचत नाही. रक्त दिलं. अश्विन काल कागद घेऊन आला, मराठीत समजावून गेला. मला कोरोना होऊन गेला आहे. कापूर हुंगला, तुझ्या आईने हसत हसत हिंग नाकाशी धरला, तिसऱ्यांदा धरताना ती रडायला लागली. काही येत नाही. बांधीच्या धुऱ्यावर मी जे तीन भारे टाकले ते खरं चिन्नोर होतं. दोन बांध्यांचं बियाणं माझ्या हातांनी गेलं. बकारामच्या वाट्याची एक बांधी उरली, तिच्यात मी उतरलो नव्हतो.

खीर पाडव्यालाच होती. भांडण तुझ्या आईला तिथीवारासकट पाठ आहे.

पाडव्याआधी माझं अंग मोडत होतं तेव्हाही बकाराम आणि मी रोजच्यासारखे पाळीवर बसलो. एकाच पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा दोघं खात होतो. मी घोटायचो, अर्धा तो घ्यायचा. चाळीस वर्षांची सवय, बाई. मनात काही आलंच नाही. मी घोटला आणि त्याने खाल्ला.

कागद घेऊन मी अंगणात बसलो होतो. मंदाबाई बाजूच्या दारात उभी होती. तुला माहीत आहे, लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यापुढे पदर घेते, थोरल्या दिरापुढे तोंड उघडत नाही. काही सांगायचं असलं तर तुझ्या आईला सांगते, मी तिथे बसलेलो असलो तरी. काल ती पदर सोडून माझ्यासमोर आली आणि माझ्याशी बोलली. तिचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. मोठ्याने बोलली, म्हणून मलाही ऐकू आलं. म्हणाली, "त्यायले गुरवारीच ताप होता. पोरगी तं शनवारी आली."

गुरुवारी म्हणजे पंधराला. त्याने तिला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. तपासणी झाली तर शाळेत नेऊन ठेवतील, आणि शनिवारी पुष्पा येणार, तिला स्टेशनावर मीच सोडणार म्हणून हट्ट धरला. गोळी खाऊन गाडी काढली. मंदाबाई म्हणते, तुला त्याच्याकडूनच लागलं असेल. इतके दिवस ती गप्प राहिली, कारण तुला कळलं तर तू काकाला मनातून उतरवशील अशी तिला धास्ती. तू येत नाहीस ते त्याच रागाने, असंही तिला वाटत होतं.

म्हणजे तू आणलं नाहीस, पुष्पा. तू मोकळी झालीस. ही एक गोष्ट सोडली तर माझ्याजवळ लिहायला काही नाही. माझा धाकटा भाऊ माझ्या हातचा खर्रा खाऊन गेला.

तुझा,
बाबा


गोंदिया,
२८ सप्टेंबर २०२१

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. आधी सुटल्यासारखं वाटलं म्हणून, आणि मग त्याची लाज वाटली म्हणून.

बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं. वास जाणं हे लक्षण आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं तांदूळ बदलले. त्या पंधरवड्यात बाजार भरत होता, लग्नं होत होती, काका चार ठिकाणी उठत-बसत होते. तुमच्याकडूनच लागलं हे तुम्ही कुठल्या तपासणीवरून ठरवता? माझ्या हातून हजारो कागद गेले, एकावरही कोणाकडून लागलं हे लिहिलेलं नसतं. आणि समजा लागलंही, तरी तुम्ही भावाला खर्रा दिलात, विष नाही दिलंत.

हे सारं मी मलाही सांगू शकले असते. पाच महिने सांगितलं नाही. तुम्हाला लिहिताना कळलं की हे खरं आहे.

काकींना सांगा, काका मनातून उतरायचं नाव नाही. ताप अंगात घेऊन पुतणीला सोडायला आलेला माणूस कोणाच्या मनातून उतरतो? वाटेत ते मला म्हणाले होते की तुझा बाप म्हातारा झाला, आता चिन्नोर तूच शीक. मी हसून टाळलं होतं.

रविवारी येते. उमेंद्र सोबत आहेत. काकांच्या बांधीत मी उतरेन, तुम्ही धुऱ्यावर उभं राहून झाड दाखवा. हुंगायचं काम माझं. त्याआधी शनिवारी लस घेतल्याचा कागद मला दारातच दाखवायचा, नाही तर मी तशीच परत फिरेन.

तुमची,
पुष्पांजली


बोडीटोला,
१२ डिसेंबर २०२१

चि. सौ. पुष्पांजली हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. दुसरी लसही टोचून घेतली, दंड दोन दिवस दुखला, तुझ्या आईने त्याचंही कौतुक केलं नाही.

काकाच्या बांधीची मळणी झाली. तू त्या दिवशी उपटलेली झाडं बरोबर मुठीत मावली होती, हे मी गावभर सांगितलं. बियाणं पुरेसं निघालं. मंदाबाईने त्याचे दोन भाग केले, एक तिच्या घरात आणि एक माझ्या. एका घरात चूक झाली तर दुसऱ्या घरात राहील, असं तिचं म्हणणं. हे ती थेट मलाच म्हणाली. आता ती माझ्याशी बोलते, आणि तुझ्या आईपेक्षा जास्त रागावते. खर्रा सोडायला लावला.

पाळीवर मी अजून जातो. बकारामच्या जागेवर कोणी बसलं तर उठवतो, मग वाईट वाटतं. तू लिहिलेलं पत्र खिशात असतं. पटतं कधी, कधी नाही पटत.

माझं नाक तसंच आहे. परवा मोहरी तडतडली तेव्हा काहीतरी आलं असं वाटलं, पण ते मनाचं असेल. नवा तांदूळ घरात आला, शेजारची दुर्गेश्वरी वासावर आत येऊन बसली, आणि मी घरात असून पाहुण्यासारखा बसलो.

सोबत उमेंद्ररावांच्या हाती दोन पायली पाठवत आहे. एक शेर आजच शिजव. पाणी बेताचं घाल, झाकण लवकर काढू नको. काढशील तेव्हा उमेंद्ररावांनाही जवळ बोलाव. आणि कसा वास आला ते मला सविस्तर लिही. मागच्यासारखाच आहे का, की कमी झाला, ते खरं लिही, माझं मन राखायला काही वाढवू नको. या दोन घरांत आता कोणी काही लपवायचं नाही, असा मंदाबाईचा हुकूम आहे.

तुझं पत्र येईपर्यंत मी साधा भात खातो. आलं की तुझी आई चिन्नोर रांधेल, मी पत्र ताटाशेजारी उघडून ठेवीन आणि जेवीन.

लोभ असाच राहू दे, आणि पोस्टमनला उशीर होऊ देऊ नको.

तुझा,
बाबा