आत्याच्या हाताची तपासणी

बाबा, मागच्या आठवड्यात माझ्या कॉलेजातल्या खोलीत एक मुलगी रडली आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला क्षणभर थांबावं लागतं. पण तिला काय सांगायला हवं होतं, हे या शहरात दुसऱ्या कुणाला विचारता येईना. मी अजून संख्याशास्त्रच शिकवते. ती मुलगी माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. घर मराठी, पण मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते. रायपुरातल्या आपल्या बहुतेक पोरांचं आता असंच आहे आणि मीही चिडायचं सोडून दिलं आहे.

हिवाळ्यात ती प्रकल्पाचा विषय घेऊन आली होती. पुढे घडणारं स्वप्नात आधी दिसतं का, हे आकड्यांनी तपासता येईल का, असा विषय. मी म्हटलं, येईल, पण हाच विषय काहून? ती पुस्तकातलं काहीबाही सांगत बसली. शेवटी मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं लपवू नको." तेव्हा बोलली. आदल्या वर्षी एका पहाटे तिला स्वप्न पडलं होतं. आई बूढ़ा तालाबच्या पायऱ्यांवर चपला शोधते आहे आणि म्हणते आहे, मला उशीर होतोय. मुलीने ते कुणालाच सांगितलं नाही. त्याच दुपारी आई स्वयंपाक करता करता कोसळली आणि गेली. "बता देती तो पापा उस दिन घर पर रुक जाते, डॉक्टर को दिखा देते," ती म्हणाली. "मुझे पता था मॅम, और मैं चुप रही." आपल्याला खरंच पुढचं दिसत असेल तर आईचा जीव आपण घेतला, आणि दिसत नसेल तर आपण सुटलो, असा तिचा सरळ हिशेब होता. अंगातली शक्ती सिद्ध करून दाखवतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. ती सिद्ध होऊ नये म्हणून आलेली ही पहिलीच.

तेव्हा मला वीज ऑफिसातली तुमची मीटर तपासायची खोली आठवली. शाळा सुटली की मी तिथे यायचे, तुमच्या लांब टेबलाच्या टोकाशी बसून गृहपाठ करायचे. मीटर जोरात पळतं अशी तक्रार घेऊन माणसं येत, तापलेली असत. तुम्ही आधी त्यांना चहा पाजायचे. मग विचारायचे, "मीटर बरोबर निघालं तर मानाल काय?" जो हो म्हणेल त्याचंच मीटर टेबलावर चढायचं. एकदा सदर बाजारातला एक दुकानदार म्हणाला, बरोबर निघूच शकत नाही. तुम्ही हसून मीटर त्याच्या हातात परत दिलं. तो गेल्यावर मला म्हणालात, "ज्याले मानायचंच नाही, त्याच्यासाठी तपासून काय करू?" मी आज वर्गात पहिल्या दिवशी जे तासभर शिकवते, ते तुम्ही एका वाक्यात संपवलं होतं. पोरांना मात्र मी ते वाक्य माझंच म्हणून सांगते, तेवढं चालवून घ्या.

आणि मग अर्थातच आत्या आठवली. तुमची मोठी बहीण, लवकर विधवा झालेली, आपल्याकडेच राहणारी. घरात तिचं म्हणून काही नव्हतं, पण आमच्या गल्लीत आणि पार ब्राह्मणपाऱ्यापर्यंत तिला मान होता तो तिच्या हातामुळे. बाया दुपारच्या यायच्या, पदराखाली परगावी गेलेल्या नवऱ्याचा सदरा नाहीतर मुलाची बनियान घेऊन. आत्या ते कापड दोन्ही तळव्यांत धरायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "बरा आहे. काळजी नको करू." तिला कापड गरम लागायचं, म्हणे. बाई डोळे पुसून, चहा पिऊन, हलकी होऊन जायची. मला आत्याचा भारी अभिमान होता. वर्गात मी सांगायची, खुशाली कळायला आमच्या घरी तार लागत नाही.

मग त्या ब्राह्मणपाऱ्यातल्या बाईचं झालं. तिचा नवरा बिलासपूरला नोकरीवर आजारी पडल्याचा निरोप आला. ती आत्याकडे आली, आत्या म्हणाली बरा आहे, म्हणून तिने जाणं पुढे ढकललं. प्रत्यक्षात तो दवाखान्यात एकटा पडला होता. वाचला, पण ती पोचेपर्यंत त्याचे फार हाल झाले. तुम्ही ते ऐकून जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आत्याला म्हणालात, "ताई, एकदा तपासून पाहू. निघालं तर मी स्वतः लोकाईले सांगीन. नाही निघालं तर सांगणं बंद. मानशील काय?" आत्या जराही बिचकली नाही. "हव," म्हणाली. "मले काय भेव आहे?"

तुम्ही ऑफिसातल्या लोकांकडून अंगावरचे उतरवलेले कपडे मागून आणले. काही धडधाकट माणसांचे, काही दवाखान्यात पडलेल्यांचे. कोणतं कापड कुणाचं ते फक्त तुम्हाला ठाऊक, म्हणून तुम्ही बाहेर ओट्यावर बसणार होता. तुमच्या तोंडाकडे पाहून कुणालाही कळलं असतं. आई आतून एकेक कापड देणार होती. आणि आईने काय करावं? आदल्या दुपारी सगळे कपडे सर्फात भिजवले, धुतले, वाळवले आणि इस्त्री करून गठ्ठा तयार ठेवला. "दुसऱ्याचे कपडे असे मळके कसे द्यायचे परत?" असं तिचं म्हणणं. आत्याने पहिलाच सदरा हातात घेतला आणि ठेवून दिला. "यात तर साबणच लागून राहिला." मला वाटलं तुम्ही म्हणाल, हा बहाणा आहे. दुसरा कुणी असता तर म्हणालाही असता. तुम्ही म्हणालात, "ताईचं बरोबर आहे. अट आपणच मोडली." आणि पुन्हा लोकांच्या दारी जाऊन कपडे मागून आणले. ती लाज तुम्ही कशी गिळली असेल ते मला आता कळतं, मलाही प्रयोगासाठी सहकाऱ्यांची मनधरणी करावी लागते तेव्हा.

दुसऱ्या खेपेला मी दारात उभी होते. आत्या प्रत्येक कापडाला म्हणाली, बरा आहे. सगळ्यांनाच. त्यात एक सदरा तुमच्या अशा सोबत्याचा होता जो मागच्याच महिन्यात वारला होता. त्याच्या बायकोने तो धुतला नव्हता. तो हातात धरून आत्या जरा थांबली आणि म्हणाली, "बरा आहे. शांत आहे." नंतर ते कळल्यावर आई अडून बसली, की हे तर बरोबरच आलं ना, शांत म्हणाली ना ती? तुम्ही मान हलवलीत. "आधी ठरलं होतं, बरा की आजारी. मागून अर्थ लावला तर कोणतंही उत्तर बरोबर येते." मी मनातून आईच्या बाजूने होते. खरं सांगायचं तर थोडी अजूनही आहे.

आत्याला तुम्ही स्वयंपाकघरात सांगितलंत. ती तिवऱ्याची पालेभाजी निवडत होती. तुम्ही पाटावर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसलात.

"ताई, नाही निघालं."

"नाही?"

"तू सगळ्याईलेच बरा म्हणली. आजपर्यंत तरी कोणाले नाही म्हणली काय?"

आत्या भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "नाही ऐकायले कोणती बाई येते? आणि माह्या हाताले तर गरमच लागते रे. मी खोटं नाही बोलून राहिली."

"मले ठाऊक आहे. तू खोटं नाही बोलून राहिली. पण तुले कळूनही नाही राहिलं."

"आणि ज्यांचे बरे निघाले ते?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते ताई. बहुतेक माणसं बरीच असतात."

तिने शब्द पाळला. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या बाईकडे स्वतः जाऊन म्हणाली, माझं चुकलं. त्यानंतर कुणी कापड घेऊन आलं की सांगायची, "मले नाही कळत वो माय. बस, चहा घे. पत्र टाक त्याले." काही बाया तरी येत राहिल्या, हळूहळू बऱ्याच बंद झाल्या. दुपारी आत्या ओट्यावर एकटी बसलेली असायची, हात मांडीवर, जणू ते हात कुठे ठेवावे हेच तिला सुचत नसावं. मी तेव्हा तुमच्यावर खूप रागावले होते, बाबा. तुम्हाला कळू दिलं नाही, पण कितीतरी वर्षं तो राग गेला नाही. मला वाटायचं, तुम्ही बरोबर होता म्हणून काय झालं? तिच्याजवळ होती ती एकच गोष्ट तुम्ही काढून घेतलीत.

आता मीही तेच केलं आहे. त्या मुलीला मी तुमचाच प्रश्न विचारला, काही नाही निघालं तर मानशील? ती म्हणाली, "वही तो चाहिए मॅम." मग आम्ही तपासलं. सकाळी उठल्याबरोबर ती आपलं स्वप्न मोबाइलवर बोलून मला पाठवायची, मी ते ऐकायची नाही. दुपारी आमचा शिपाई चार बंद पाकिटांतून डोळे मिटून एक उचलायचा. प्रत्येकात एकेक चित्र; उचललेलं तेवढं तिला दाखवायचं, पहाटेच्या स्वप्नात ते आधीच दिसलं होतं का, हा प्रश्न. संध्याकाळी दुसऱ्या विभागातल्या एक बाई ते स्वप्न ऐकायच्या आणि चारातलं कोणतं चित्र त्याला जास्त जुळतं ते सांगायच्या. उचललेलं कोणतं, हे त्यांना माहीत नसायचं. चारातून एकदा तर नुसत्या अंदाजानेही जुळतं. तिचं त्याहून जास्त जुळलं तर विचार करायचा. हे आम्ही हिवाळाभर आणि पार उन्हाळा तापेपर्यंत केलं. मागच्या आठवड्यात बेरीज केली. अंदाजाने जेवढं जुळलं असतं, साधारण तेवढंच जुळलं होतं.

मी तिला कागद दाखवला. ती पाहत राहिली. "मतलब मुझे कुछ पता नहीं था," म्हणाली आणि खुर्चीत अशी सैल पडली की मला बरं वाटलं. मी पाणी दिलं. मनात म्हटलं, सुटली पोरगी. मग ग्लास खाली ठेवून तिने विचारलं, "तो फिर उस सुबह माँ आई भी नहीं थी?" आणि रडायला लागली. अपराध गेला, त्याच्याबरोबर आईचा निरोपही गेला. हे मला आधी दिसायला हवं होतं. मी फक्त तिच्या डोक्यावरचं ओझं पाहिलं होतं, ते ती इतके दिवस छातीशी धरून का होती ते पाहिलं नव्हतं. मी जे खरं तेच सांगितलं, की आपण चित्रं तपासली, आई नाही. पुन्हा न घडणारी एक पहाट मोजायला माझ्याजवळ काही साधन नाही. पुढचं दिसतं हे सिद्ध झालं नाही, एवढंच हा कागद म्हणतो. "और आप क्या मानती हैं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी नाही मानत. मग ती जाईपर्यंत तिचा हात धरून बसले, कारण दुसरं काही येत नव्हतं.

घरी येताना बूढ़ा तालाबच्या वळणावर गर्दीत अडकले आणि अचानक एक गोष्ट आठवली, जिचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या तपासणीनंतर तुम्ही जगदलपूरला कामावर जायचे, कधी कधी बरेच दिवस. निघताना अंगातला सदरा खुंटीवर टाकून जायचे. आई तो धुवायला उचलू लागली की म्हणायचे, "राहू दे तो." आईला वाटायचं, यांचा काहीतरी शकुन असेल. दुपारी घर निजलं की आत्या तो सदरा खुंटीवरून काढून हातात घेऊन बसायची. मी पाहिलं होतं आणि वाटलं होतं, ही चोरून शब्द मोडते आहे. तुम्ही तो तिच्यासाठीच ठेवून जात होता, हो ना? ज्या हातात काही नाही हे तुम्हीच तपासून सिद्ध केलं, त्या हाताला कुणाचीतरी काळजी करायला हवी होती, आणि म्हणून तुम्ही स्वतःला तिथे खुंटीवर टाकून जात होता. राग गेला माझा, बाबा. इतक्या उशिरा का होईना, गेला. त्या मुलीला मी उद्या घरी जेवायला बोलावलं आहे. तिची आई काय काय करायची ते ती सांगेल, मी ऐकेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि कुणी वाचणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्या मुलीला खोटं सांगितलं नाही. तरीपण आता पहिल्या पानापासून पाहते तर अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं आलं आहे. शेवटी शेवटी तुम्हाला बारीक वाचता येत नसे.