म्हसोबा ते नाका

६ जानेवारी, मंगळवार

खांदा मोकळा झाला एकदाचा! डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण बेतानं. बेतानं चालवायला मी काय दूध घालतोय?

नोव्हेंबरात हाड मोडलं तेव्हापासून घरात बसून नुसता खातोय. अनुजा माहेरून डबे भरून आणायची. एकदा त्यांच्या गावात देवाचं कसलं तरी जेवण होतं, तेव्हा तांबडा रस्सा मी एकट्यानं तीन वाट्या ओरपला. आता वाकलं की पोट आडवं येतं. वय एकोणचाळीस. संघात माझ्याखालोखाल म्हातारा म्हणजे सत्तावीसचा.

८ जानेवारी, गुरुवार

आमचा सायकल संघ चालवणाऱ्या कंपनीचा मेल आला. एक फेब्रुवारीला पन्हाळ्याच्या चढावर चाचणी. मोजून पाच किलोमीटर, म्हणजे आपलं म्हसोबा ते नाका. साडेअठरा मिनिटांत वर आला तो यंदा संघात, बाकीच्यांना नारळ.

पडायच्या आधी मला एकोणीस मिनिटं दहा सेकंद लागायची. आता तर विचारूच नका.

तिकडं जयसिंगपूरचे त्र्यंबक सर मागं लागलेत. त्यांच्या शाळेत सायकलिंगचा कोच म्हणून या, कायमची नोकरी, पंधरा तारखेपर्यंत सांगा. अनुजाला पसंत आहे. मला नाही. गळ्यात शिट्टी अडकवून रस्त्याकडेला उभं राहायचं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालून घेतल्यासारखं. अजून एक वर्ष पाहिजे मला. एकच.

११ जानेवारी, रविवार

अठरा मिनिटं पाच सेकंद!!

दोनदा घड्याळ बघितलं. चढ तर ओळखूच येत नाही — रुंदीकरणात झाडं गेली, वळण सरळ केलं, सगळीकडं खडी. म्हसोबा तेवढा दिसला, नव्या कट्ट्यावर, ताज्या शेंदरात. गुंडू वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे देवाला हात जोडले, घड्याळ दाबलं, मान खाली घातली. वीस वर्षं झाली, हा चढ डोळे मिटून चढतो मी.

संघातला ऋतुराज म्हणतो, "दादा, हँडलला मीटर लावा की. किती अंतर चढला, किती जोर लावला, सगळं कळतंय." कंपनीनं दिलेलं ते यंत्र ड्रॉवरमध्ये पडलंय. रोज सकाळी अपमान करून घ्यायला मला यंत्र कशाला पाहिजे? मला वस्तादांचं घड्याळ पुरतं.

हाडाला विश्रांती हवी होती, दुसरं काही नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सतरा अठ्ठावन्न. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. शिवाजी पेठेतली निम्मी माणसं वळून बघत होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ खाल्ला आणि अनुजाला सांगितलं, सरांना फोन करून नाही म्हण. मला नकार देता येत नाही, तिला गोड बोलता येतं.

ती लाडू वळत होती. म्हणाली, "चाचणी हू दे की आधी." मी म्हटलं, चाचणी झाल्यातच जमा आहे. मग म्हणाली, "बरं. पण सणाचं नको. उद्या करते."

१५ जानेवारी, गुरुवार

केला म्हणाली फोन. सर काय म्हणाले? "बरं म्हणाले." एवढंच. जरा तरी हळहळायला पाहिजे होतं त्यांनी!

२५ जानेवारी, रविवार

खाली येताना सासुरवाडीत चहाला थांबलो. सासूबाईंना, बयाबाईंना, फुशारकीनं सांगितलं — म्हसोबापासून नाक्यापर्यंत अठराच्या आत.

त्या म्हणाल्या, "कुठल्या म्हसोबापास्नं? आताच्या न्हवं व्हय? देव वर सरकवलाय न्हवं का, रस्त्यात येतोय म्हणून. अर्धा किलोमीटर तरी आसंल."

कधी?

"तुमचा हात गळ्यात हुता तवा. बकरं कापलं, समद्या गावाला जेवाण घाटलं. तुमचा डबा अनुजानंच न्हेलता की. लई आवडला म्हणालासा."

चहा तसाच ठेवून उठलो. खाली गेलो. रस्त्याच्या कडेला, खडीच्या ढिगामागं, जुनी जागा सापडली. दगडाला शेंदराचा डाग होता अजून. तिथून घड्याळ दाबलं आणि जीव खाऊन चढलो.

एकोणीस बावन्न.

नाक्यावर बसून हसलो आधी. देव हलवल्याचा रस्सा तीन वाट्या प्यालो, आणि देव हलला हेच कळलं नाही! मग हसू गेलं. रडलो. इथं लिहायला कसली लाज?

पण अनुजाला ठाऊक होतं. बकऱ्यापासून सगळं. माझी शीळ ऐकत होती आणि गप्प होती. आणि मी तिच्याच हातून नोकरी घालवली. घरी आलो ते तिच्याशी न बोलताच जेवलो.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन संपलं असेल अशा बेतानं त्र्यंबक सरांना फोन लावला. हातापाया पडायची तयारी ठेवली होती. म्हटलं, सर, मागं तो नकार कळवला होता —

"कसला नकार?" सर म्हणाले. "वहिनींचा पंधरालाच फोन आला. चाचणी झाली की दोन तारखेला हजर होतील म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तोवर त्यांना फोन करू नका, सध्या लई खुशीत हाईत."

अनुजा गच्चीवर कपडे वाळत घालतीय. ड्रॉवरमधलं यंत्र काढून चार्जिंगला लावलंय. शाळेतल्या पोरांना लागेल.