बाज वळते

सर, मंगळवारी दिंद्रुडला जाऊन आले. त्याच घरी. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि त्या घराचा विषय मी तुमच्यासमोर शेवटचा कधी काढला ते आठवत नाही. बहुतेक कधीच काढला नाही. तिथे अजूनही सांगतात, की नकाशावाल्यानं जिना चुकवला होता. ती चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मला पत्रं लिहायची सवय नाही. कागदावर मी फूट आणि इंच लिहिते, तेवढंच. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते आहे.

तुमचं ऑफिस म्हणजे माजलगावच्या घराची पुढची खोली. काच बसवलेलं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, भिंतीला नकाशांच्या गुंडाळ्या. बीडला आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी आले तेव्हा वडील सोबत होते. तुम्ही त्यांच्याकडे न बघता मला म्हणालात, "बसा. तुमी काय काय शिकलात?" वडिलांनी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत ते. एकविसाव्या वर्षी मला कोणी तुम्ही म्हणत नव्हतं. घरी जाताना बसमध्ये वडील दोनदा म्हणाले, "माणूस चांगला दिसतो." पगाराचं विचारायचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

तुम्ही नव्या घराचं काम घेत नव्हता. वाढवणं, दुरुस्ती, मातीचं माळवद काढून स्लॅब, मागे एखादी खोली, वर एखादी खोली, एवढंच. लोक तुम्हाला इंजिनिअर साहेब म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "इंजिनिअर न्हाई मी, नकाशे काढतो." मी एकदा विचारलं होतं, नवी घरं का नाही घेत. तुम्ही म्हणालात, "रिकाम्या प्लॉटला तोंड न्हाई, तो काय बोलणार. जुन्या घरात माणसं असतेत. त्यांना इचारत इचारत काम करावं लागतं. मला तेच जमतं." आतून काकू म्हणाल्या, "गावाच्या बायांना इचारता, वटा किती उंच पायजे म्हणून. माझा वटा माझ्या कमरेच्या खाली हाय, इकडं कोण इचारनार?" तुम्ही मला हळूच म्हणालात, "टेप ठेवा बाजूला. आता आपल्याला ऐकू येत न्हाई." तो ओटा पुढे कितीतरी वर्षं तसाच होता.

तुमची एक पद्धत होती. ती मी आधी कुठे पाहिली नव्हती, नंतरही नाही. नकाशा पक्का करायच्या आधी, नवी भिंत किंवा जिना जिथे येणार तिथे तुम्ही फरशीवर चुन्याची फक्की मारायचात, तिच्यावर विटा मांडायचात, विटा कमी पडल्या तर घरातली माणसं भिंतीसारखी उभी करायचात. मग चौघांना घरातली बाज, दोरीनं विणलेली खाट, उचलायला लावायची आणि सगळ्यात आतल्या खोलीतून रस्त्यापर्यंत न्यायची. बाज कुठे अडली तर भिंत सरकवायची, मग घरमालक काही म्हणो. कशासाठी ते तुम्ही सांगत नव्हता. सांगायची गरजही नव्हती. आजारी माणूस बाजेवरून बाहेर येतो, आणि एक दिवस प्रत्येकजण तसाच बाहेर जातो. बाज वळली की नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचं, 'बाज वळते', आणि ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्यानं खाली सही करायची. त्या कोपऱ्यावर तुमचा जेवढा जीव होता तेवढा बाकीच्या नकाशावर नव्हता.

धर्मापुरीजवळचं ते मेंढपाळांचं घर आठवतं मला. सून भिंत म्हणून उभी आहे आणि तिला हसू आवरत नाही. तुम्ही म्हणताय, "सूनबाई, तुमी भिंत हायत. भिंत हसत न्हाई." मुलगा बाजेला हात लावायला कचरतो. "साहेब, रिकामी बाज चौघांनी उचलू न्हाई म्हणतेत." "मग रिकामी कावून उचलता? बसवा कुणाला तरी." कोणी पुढे होईना, तेव्हा म्हातारी स्वतःच उठून बाजेवर मांडी घालून बसली. "मीच बसते. जायचं तर हायच, वाट तरी बघून ठेवते." चौघांनी उचललं. वळणावर बाजेचा पाय विटांना लागला आणि दोन विटा पडल्या. म्हातारी म्हणाली, "बघा, हितंच अडकले. आता ही भिंत सरकवल्याबिगर मी काय मरत न्हाई." सगळं घर हसलं, तुम्हीही हसलात, आणि भिंत सव्वा फूट सरकवलीत.

दिंद्रुडला मी एकटी गेले होते. काकूंना डोळे तपासायला अंबाजोगाईला न्यायचं होतं म्हणून तुम्ही मला पाठवलंत. माझं नोकरीतलं दुसरं वर्ष. दिंद्रुडच्या घरमालकांना वर खोली काढायची होती, आणि जिना आतून, मधल्या बोळीतून. बोळीच्या टोकाला घरमालकाच्या आईची खोली. ओसरीवर पाच-सहा पुरुष बसलेले. मी मापं घेतली, फक्की मारली आणि म्हणाले, "आता बाज बाहेर काढून बघावी लागेल. चौघंजण लागतील." घरमालक म्हणाले, "ताई, तुमी नकाशा काढायला आलात का मयत काढायला?" सगळी ओसरी हसली. "माय आमची धडधाकट हाय. लावा टेप अन् उरकून घ्या." त्यांची माय दारात बसून तूर निवडत होती, तीही हसली. तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला माहीत होतं. पण मला दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही. टेपनं बोळ तीन फूट येत होती. तीन फुटांतून बाज सरळ जाते. मी स्वतःला तेवढंच सांगितलं. वळायला तीन फूट पुरत नाहीत, आणि जिन्याचा कठडा बरोबर वळणावर येत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नकाशा काढला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'बाज वळते'. खाली सही केली. तुम्ही आलात, कोपरा बघितलात आणि काही न विचारता तुमची सही केलीत.

पुढच्या वर्षी ती म्हातारी मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला बाजेवर घातलं, दारात जीप आणली, आणि बाज वळणावर अडकली. एका बाजूला खोलीची चौकट, दुसऱ्या बाजूला कठडा. बाज तिरकी केली की ती ओरडायची. वाकळीत घालून न्यायला गेले तर अंग दुमडायचं आणि त्याहून जास्त ओरडायची. शेवटी शेजारून घण आणून कठडा फोडला. त्याला तासभर लागला. तेवढा वेळ ती तिथेच पडून होती, अंगावर सिमेंटचा चुरा पडत होता आणि मुलगा तिच्या तोंडावर उपरणं धरून उभा होता. हे सगळं घरमालकांनीच चार दिवसांनी आपल्या ऑफिसात येऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साहेब, तुमच्या नकाशात आमची माय मावली न्हाई."

तुम्ही "मी उद्या येतो" म्हणून त्यांना परत पाठवलंत. गुंडाळी काढलीत, काचेवर पसरलीत. मी समोरच्या टेबलावर रेघा ओढत होते, म्हणजे हात चालवत होते. तुम्ही बराच वेळ कोपऱ्याकडे बघत होतात. मग मान वर न करता विचारलंत, "वळवून बघितली होतीस का?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि नकाशा गुंडाळलात.

त्या सगळ्या वर्षांत तुम्ही मला तेवढं एकदाच तू म्हणालात. मला वाटलं, मान गेला. जो मान कधी कोणी दिला नव्हता तो गेला, आता निदान नोकरी तरी राहावी, म्हणून मी हो म्हणाले. तू म्हणजे घरातली, हे तेव्हा मला कळलं नाही. घरातल्या पोरीनं चूक कबूल केली तर तिला बोलणी बसतात आणि विषय संपतो. तुम्ही मला बोलणी बसायची सोय करून दिली होती. मी ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा म्हणालात, "टेप घ्या तुमी, दिंद्रुडला जायचंय."

त्या ओसरीवर तीच माणसं होती. म्हातारी अजून दवाखान्यात होती. तुम्ही बसला नाहीत. उभे राहून म्हणालात, "चूक माझी हाय. बाज वळवून बघायला पायजे होती. मी बघितली न्हाई." मी तुमच्या मागे टेप घेऊन उभी होते. मला वाटलं आता बोलावं, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "तुमच्यासारखा माणूस चुकला तर कुणाकडं बघावं?" आणि मी गप्प राहिले. तुम्ही जिन्याचं तोंड फिरवलंत. पाच दिवस उलट्या घमेल्यावर बसून तुम्ही ते काम करून घेतलंत. सहाव्या दिवशी चौघांना बाज उचलायला सांगितलीत. वर बसायला कोणी तयार होईना. त्या घरात आता ती थट्टा राहिली नव्हती. तुम्ही चपला काढल्यात आणि स्वतः बाजेवर बसलात. पन्नाशी उलटलेला माणूस, खिशाला पेन, हात मांड्यांवर. तुम्हाला त्यांनी आतल्या खोलीतून उचललं, वळणावरून नेलं आणि रस्त्यावर आणून ठेवलं. बाज कुठेच लागली नाही. कोणी हसलं नाही. तुम्ही उतरलात, चपला शोधल्यात आणि मला म्हणालात, "लिहा कोपऱ्यात." मी लिहिलं. माझं अक्षर त्या नकाशावर वाकडं आलं आहे.

महिन्याभरानं तुम्ही म्हणालात, "आता प्रत्येक नकाशावर माझ्या नावाखाली तुमचं नाव टाकत चला. मोजणी करणाऱ्या म्हणून." काकूंनी पेढे आणले होते. वडिलांनी तसल्या एका नकाशाची झेरॉक्स काढून घरी भिंतीला लावली, कुणा परक्याच्या मागच्या खोलीचा नकाशा. ते बक्षीस होतं की शिक्षा, मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुम्हाला माहीत होतं का, हेही नाही. शेवटच्या आजारात मी रोज संध्याकाळी यायचे. तुम्ही चालू कामाचं विचारायचात, स्लॅब पडला का, पाणी मारतेत का. मी पायाशी स्टुलावर बसून उत्तरं द्यायचे आणि वाट बघायचे. तुम्ही पुन्हा एकदा तू म्हणालात की सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत तुमी म्हणालात.

आता मंगळवारचं. घरमालक थकले आहेत, गुडघे गेले आहेत, त्यांना आईच्या त्याच खोलीला लागून संडास-बाथरूम करून हवं आहे. म्हातारी त्यानंतर काठी धरून चार वर्षं चालली, असं ते म्हणाले. माझ्यासोबत आलेला मिस्तरी पाण्याच्या टाकीसाठी माप घ्यायला वर गेला होता. आम्ही दोघंच बोळीत होतो. त्यांनी काठीनं जिना दाखवला. "मॅडम, ह्या जिन्याची गोष्ट ठाऊक हाय ना? तुमच्या साहेबांनी पयल्यांदा असा काढला व्हता..." मी म्हणाले, "काका, ती चूक सरांची नव्हती. मापं घ्यायला मी आले होते. बाज मी वळवली नाही, आणि वळवली असं लिहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी?"

"हो."

"पर साहेब तर म्हणले, मी बघितली न्हाई."

"तसं म्हणाले ते."

त्यांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "बाज काढायची म्हणल्यावर मीच हसलतो की तुमाला. मयत म्हणलतो." मला वाटलं नव्हतं त्यांना ते आठवत असेल. "जाऊ द्या," ते म्हणाले, "माय बी गेली, साहेब बी गेले." त्यांनी भिंतीला हात टेकला, आणि मला वाटलं, झालं एकदाचं. इतकी वर्षं लागली आणि दोन मिनिटांत झालं.

तेवढ्यात मिस्तरी खाली आला आणि विचारलं, हा जिना असा उलट्या तोंडाचा कावून केला. घरमालक त्याला सांगायला लागले. "आरं, पयल्या नकाशावाल्यानं चुकवलता की." मग सगळं सांगितलं, जीप, घण, उपरणं, जसं वीस वर्षं सांगत आले तसं, त्याच क्रमानं. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं. मला झाकायला तसं सांगत होते की तोंडात तेच बसलं होतं, मला कळलं नाही. मी टेपचं टोक धरून उभी होते. मिस्तरी म्हणाला, "असले नकाशावाले असल्यावर घराघरात घण ठिवावा लागंल की."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. काकूंना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, दर दिवाळीला जातेच मी त्यांच्याकडे. पण त्यांनी विचारलं, मग तू काय म्हणालीस त्या मिस्तरीला, तर काय सांगू. मी काहीच म्हणाले नाही. मिस्तरी हसला आणि, सर, त्याच्याबरोबर मीही थोडी हसले.