पिवळ्यातला ळ

मल्हारगंज, इंदूर
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. विजय यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं असशील. हो, मीच. ‘आम्ही सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवणे’ असं बाबा लिहायचे. मी खुशाल आहे की नाही ते तूच ठरव, डॉक्टर तू आहेस. माझे रिपोर्ट ह्यांनी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि तू त्यावर नुसता अंगठा पाठवलास, तो मी पाहिला.

परवा तू ह्यांना विचारलंस, ‘जिजाजी, भाऊबीजेला येऊ का?’ मला विचारलं नाहीस, कारण सात महिने मी तुझा फोन घेत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी आहे. एकदम खाली उडी मारू नकोस. पायऱ्या गाळणाऱ्या पोरांचे मी गणितात मार्क कापत असे, आणि त्यांत पहिला नंबर तुझा होता.

तर गेली भाऊबीज. तू आला नाहीस. कुठल्याशा विमानतळावर होतास. मी मोबाइल उभा करून त्याच्यासमोर ताट धरलं, तुला ओवाळलं. मग म्हटलं, अरे, वरच्या डाव्या दाढेपाशी टाळूला पांढरा चट्टा आलाय, महिना झाला, जात नाही. तू म्हणालास, ‘दाखव.’ मी आ केला. ह्यांनी टॉर्च धरला, तोही हलत होता. तुझ्या मागे विमानाची घोषणा चालू होती. दहा सेकंद झाले असतील, अकरा नाहीत.

‘ताई, दाढेची कड घासतेय. कोणाकडून तरी घासून घे. हळद-मध लाव. टेन्शन मत ले.’

आणि फोन बंद.

मार्चमध्ये ती दाढ, तिच्या शेजारचे दात, डावी टाळू आणि वरच्या जबड्याचा तेवढा भाग कापून काढला. कॅन्सर होता हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपल्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. सगळे ‘ताईचं ऑपरेशन’ म्हणतात, जसं काही माझं अपेंडिक्स काढलं.

त्यानंतर काय होतं ते तू पोरांना शिकवत असशील. सोसलंयस का? चहा प्यायले की नाकातून यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा समोर शेजारच्या शारदाकाकी बसल्या होत्या. त्या बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी कप भिंतीवर फेकला. डाग अजून आहे, ह्यांना पुसू दिलेला नाही.

आणि तेव्हा तू काय पाठवलंस? स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ! ‘ताई, हे बघ, धीर येईल. आपलं शास्त्र किती पुढे गेलंय.’ मी पाहिला. पूर्ण पाहिला, मला दुसरं काम काय होतं? कॉम्प्युटरवर आधी ऑपरेशन करून बघतात, कवटीची हुबेहूब प्रतिकृती छापून टेबलावर ठेवतात, जबड्याचं हाड उरलं नसेल तर बोटाएवढे लांब इम्प्लांट थेट गालाच्या हाडात रोवतात. छान बोलतोस तू. आवाज बाबांचा आहे तुझा.

सतराव्या मिनिटाला तू म्हणतोस, ‘पंधरा दिवसांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम, कुठलाही चट्टा, तुकडा काढून तपासा. मोबाइलवर बघून मत देऊ नका. तसं मत देणारा माणूस डॉक्टर नव्हे.’ टाळ्या पडल्या. मी तारीख पाहिली, विजय. भाऊबीजेच्या तीन आठवडे आधीचं भाषण.

व्याख्यानात जो डॉक्टर होता, तो बहिणीच्या वाट्याला का आला नाही? तिकीट काढून ऐकायला यायला हवं होतं का मी?

शास्त्र खोटं नाही, हेही लिहिते. जूनमध्ये डाव्या गालाच्या हाडात दोन लांब इम्प्लांट बसवले, उजवीकडे साधे. त्यांवर दात आणि टाळूचं भोक झाकणारी प्लेट घट्ट बसली. चहा आता जिथे जायचा तिथे जातो. पोहे खाते, वरची शेव मात्र मऊ पडू देते, म्हणजे इंदूरच्या माणसाने लाज वाटून घ्यावी असं खाते.

आता बोलण्याचं.

भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या वर डॉ. अर्पित यांचा दवाखाना आहे. प्लेट त्यांनी केली. मुलगा गुणी आहे, हात हलका. प्लेटवर पांढरी भुकटी टाकतात, ती तोंडात बसवतात आणि शब्द म्हणायला लावतात. जीभ जिथे टेकते तिथली भुकटी पुसली जाते. मग कळतं कुठे जाड आहे, कुठे घासायचं. समोर हिंदी शब्दांचा तक्ता. टमाटर, डमरू, सड़क, चम्मच. मी सगळे म्हटले. ‘परफेक्ट, आंटी! न्यूज़ पढ़ सकते हो आप तो.’

मी खुशीत घरी आले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी तो उचलायला हात पुढे केला. तुला झोडपायचंच होतं, मनात सगळं पाठ होतं. आधी एकदा हाक मारून पाहिली, माझ्याशीच.

‘पिवड्या.’

पुन्हा म्हटलं. ‘पिवल्या.’

फोन वाजून थांबला. ह्यांनी तुला सांगितलं, ‘भिया, ती अजून गुस्स्यात आहे, बाद में लाव.’ ते खरं होतं, पण अर्धंच.

तू जन्मलास तेव्हा कावीळ झाली होती. आई तुला कोवळ्या उन्हात ठेवायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. मी नऊ वर्षांची. पिवळ्या हे नाव मी ठेवलं. तुझ्या बायकोला, पोरांना ते माहीतही नसेल. आई-बाबा गेल्यावर त्या नावाने तुला हाक मारणारी जगात मी एकटी. विजय म्हणून मी तुझ्यावर कधी रागावलेली नाही. पाटी फोडलीस तेव्हा पिवळ्या, बारावीत नापास झालास तेव्हा पिवळ्या. ज्या नावाने तुला रागवायचं तेच माझ्या तोंडातून कापून नेलं होतं. तुला ‘डॉक्टर विजय’ म्हणून शिव्या देऊ? त्यापेक्षा गप्प बसले. टाळू, कावीळ, गूळ, डोळा, बाळ. आपली अर्धी भाषा गप्प बसली.

दवाखान्यात जाऊन मी अर्पितवर ओरडले. तो घाबरला. ‘आंटी, ये साउंड तो हमारे चार्ट में है ही नहीं. ल बोल दीजिए ना, सब समझ जाएँगे.’ मी म्हटलं, ‘समझने के लिए नहीं, डाँटने के लिए चाहिए!’

तिथे विनीता नावाची मदतनीस आहे, देपालपुरची. ट्रे पुसत होती. म्हणाली, ‘सर, ये तो हमारे उधर का ळ है. मेरी माँ दिन भर बोलती है. काळो, पीळो, धोळो.’ मग माझ्याकडे वळून, ‘बोलो आंटी, पीळो.’

पीळो. माळव्यातल्या त्या पोरीने नेमकं तेच दिलं.

भुकटी टाकली. जीभ जिथे पोचायला हवी, त्या जागी प्लेट जाड होती. तक्त्यातल्या एकाही शब्दाने तिथे कधी हात लावला नव्हता. घासलं, पुन्हा टाकली, पुन्हा घासलं. विनीता समोर बसून ‘पीळो, पीळो’ म्हणत राहिली. पाचव्या खेपेला आला. मी रडले. अर्पितला वाटलं दुखलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पायरी मीही गाळली आहे.

डिसेंबरात मी दाढेची कड घासायला कोपऱ्यावरच्या डॉ. प्राचीकडे गेले होते. तिने पाहिलं आणि म्हणाली, ‘काकी, मला हे ठीक नाही वाटत. टुकड़ा जाँच को भेज देते हैं.’ मी काय म्हणाले माहीत आहे? ‘माझा भाऊ पुण्यात तोंडाचाच सर्जन आहे. त्याने पाहिलंय. तू काल पास झालीस.’ पोरीचं तोंड उतरलं. निघताना ती तरी म्हणाली, ‘एक बार और सोच लेना, काकी.’ मी घरी येऊन हळद-मध लावला. दाढ हलायला लागेपर्यंत, फेब्रुवारीपर्यंत लावला. तुझ्या दहा सेकंदांवर माझे दोन महिने मी स्वतः चढवले. कशासाठी? भावाचा तोरा. गेल्या महिन्यात प्राचीकडे जाऊन माफी मागितली. ती उठून उभी राहिली, मला खुर्ची दिली. मला ते सहन झालं नाही.

तेव्हा अर्धा राग माझा. तो मी माझ्या पदरात घेतला. उरलेला तुझा आहे आणि तो पोस्टाने पाठवता येत नाही.

भाऊबीजेला ये. ओवाळायच्या आधी मी खिडकीपाशी उजेडात बसेन, प्लेट काढून. तू हातमोजे घाल, टॉर्च लाव आणि बघ. मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत बघ. मिठाई आणू नकोस, लेख आणू नकोस, आकडे सांगू नकोस. मग मी प्लेट बसवीन आणि तुला हाक मारीन. दहांतून सात वेळा बरोबर येते. चुकली तर हसलास तरी चालेल, पण सुधारू नकोस.

आणि त्यानंतर तू एक शब्द म्हणायचा, जो सात महिन्यांत ना ह्यांच्या फोनवर आला, ना व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘चुकलो’. त्यात ळ नाही, आणि तुझी टाळू शाबूत आहे.

तुला अजून पिवळ्याच म्हणणारी,
ताई