हेराल्डची शिरूरवर स्वारी

रविवार, ५ नोव्हेंबर १९७८. सकाळ.
मुक्ता भाऊबीजेला शिरूरला गेली ती अजून परतली नाही. बरंच झालं. घरात शांतता आहे. विचार करणाऱ्या माणसाला ती लागतेच.

जाताना डोळे पुसत होती. कारण क्षुल्लक. मी एवढंच म्हणालो होतो की तुझं वजन वाढलंय. माणूस काय, गाडी काय, इंजिन तेच ठेवून वजन वाढवलं की परफॉर्मन्स बोंबलतो. शास्त्रीय विधान. यात रडण्यासारखं काय? न्यायला आलेला तिचा भाऊ पोपटराव माझ्याकडे असा बघत होता, जणू मी दरोडा घालून आलोय. मस्कतला ट्रक चालवतो, म्हणून स्वतःला ड्रायव्हर समजतो. ट्रक म्हणजे गाडी नव्हे. चाकं लावलेलं गोदाम.

त्याने मस्कतहून टीव्ही गेम आणलाय. पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या, मधे ठिपका. बटण फिरवून ठिपका परतवायचा. शिरूरचे अडाणी लोक त्याला टेनिस म्हणतात. हे उघड उघड रडारचं ट्रेनिंग आहे! परदेशातली पोरं लहानपणी ठिपका अडवतात, मोठेपणी मिसाईल अडवणार. आमची पोरं विटी शोधत चिखलात. देश बुडणार.

गुरुवार, ९ नोव्हेंबर.
सरकारने जॅग्वार विमानं घ्यायचं ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. स्वीडनचं व्हिगेन घ्यायला हवं होतं, ते साध्या रस्त्यावर उतरतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हे समजावून सांगत होतो. साहेब म्हणाले, जयसिंग, आधी त्या आंब्याच्या रोपांच्या करंड्या उतरवून घ्या, सुकतायत. अशा माणसांच्या हाताखाली नोकरी.

दुपारी यार्डात मालगाडी थांबली. उघड्या वॅगनवर ताडपत्रीखाली रणगाडे. मी लांबूनच ओळखले, विजयंता. चांगदेव (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, अक्कल शून्य) लेबल वाचून आला. म्हणे, साखर कारखान्याचं सामान हाय. अर्थातच! रणगाड्यावर 'रणगाडा' असं लेबल लावतील का? याला कॅमोफ्लाज म्हणतात. चांगदेव हसला. शत्रू हसतच असतो.

बुधवार, १५ नोव्हेंबर.
गाडी घेतली! सेकंडहँड हेराल्ड. दोनच दारं, म्हणजे स्पोर्ट्स कार. दौंडात एवढी वेगवान वस्तू दुसरी नाही, डेक्कन क्वीनही इकडे येत नाही.

सुधारणा सुरू केल्या. मागची सीट काढली, वजन घटलं. सायलेन्सर काढला, इंजिनाला मोकळा श्वास. रेडिएटरचा पंखा इंजिनाची ताकद फुकट खातो, तोही काढला. गाडी पळायला लागली की समोरून वारा येतोच. एवढी साधी गोष्ट कारखानदारांना सुचू नये?

ट्रायल घेतली. शेजारच्या मालनबाईंच्या म्हशीने दावं तोडलं. मालनबाई फार बोलल्या. मी एकच वाक्य बोललो, म्हशीची कान तपासणी करा.

बुधवार, २२ नोव्हेंबर.
शिरूरच्या एस.टी. ड्रायव्हरकडून पोपटरावाचा निरोप. 'रविवारी घरी कार्यक्रम हाय. जावयानं यायलाच पायजे.'

कार्यक्रम! समजलो. टीव्ही गेमची मॅच. गाव गोळा करून मला हरवायचा डाव. मालनबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, जाताना बायकोला काहीतरी आंबट घेऊन जा, भावजी. हिला मधे पडायचं काय कारण? आंबट तोंड घेऊन तर गेलीच आहे.

शनिवार, २५ नोव्हेंबर.
ठरलं. उद्या सकाळी निघायचं. जेवायच्या आत पोपटरावाला त्याच्या टीव्हीवर, त्याच्या आईसमोर हरवायचं. दुपारी मुक्ताला पुढच्या सीटवर बसवून सगळ्या आळीदेखत परत. ती रागात असेल, पण वेग पाहिला की बाईमाणूस विरघळतं. मासिकात तसे फोटो असतात.

तासभर भिंतीसमोर बसून बटण फिरवायची प्रॅक्टिस केली. रेडिओचं बटण वापरलं. ते तुटलं. माल हलका.

रविवार, २६ नोव्हेंबर. दुपार. पारगावचा पूल.
चौफुल्यापर्यंत गाडी विमानासारखी आली. पुलाच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग. शेतकऱ्यांना रस्त्याची शिस्त नाही. बैलांच्या मागे रांगावं लागलं. वारा बंद. बॉनेटमधून वाफ, मग फट्कन आवाज, मग काहीच नाही. थिअरी बरोबर होती. बैल चूक.

गाडीवान गाडीभोवती जमलेत. एक जण चहा ठेवता येईल का विचारतोय. लिहितोय, कारण यांच्याशी बोलायचं नाही.

रविवार. संध्याकाळ. शिरूर.
भैरू नावाचा ट्रॅक्टरवाला खत आणायला शिरूरला निघाला होता. त्याने दोर लावून ओढत आणलं. मी स्टिअरिंगवर ताठ बसलो होतो, लांबून लष्करी कॉन्व्हॉय वाटला असेल. वेशीवर सोड म्हटलं होतं, माझा मी जाईन. ऐकलं नाही. थेट सासऱ्यांच्या दारात नेऊन हॉर्न वाजवला.

अंगणभर बायका. गाणी चाललेली. पोपटरावाने माझा पराभव बघायला एवढ्या बायका जमवाव्यात! तोंड ट्रॅक्टरच्या काजळीने काळं होतं, तरी धुतलं नाही. सरळ माजघरात जाऊन टीव्हीसमोर बसलो. लाव म्हटलं. पोपटराव म्हणाला, दाजी, आत्ता? बाहेर कार्यक्रम हाय. मी म्हटलं, घाबरलास?

पहिला डाव हरलो. बटण उलटं बसवलंय. दुसरा हरलो. तिसऱ्याला सासूबाई सोजराबाई मला हाताला धरून उठवायला आल्या. मी म्हटलं, आधी डाव. त्यांनी वैतागून बटण हातात घेतलं, उभ्यानेच फिरवलं. त्यांच्याशीही हरलो. त्यांचं पडद्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात दारात मुक्ता. हिरवी साडी, दंडावर, गळ्यात, डोक्यावर फुलांचे दागिने. मी म्हटलं, हा काय अवतार?

गाणी थांबली. सासूबाई म्हणाल्या, 'अवो, सातवा लागलाय तिला. डोहाळजेवण हाय. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?'

मला वाटलं सगळ्या हसतील. एकही हसली नाही.

मुक्ता म्हणाली, 'सांगितलं व्हतं मी. श्रावणात. तुमी रेडिओला कान लावून बसलावता, हूं म्हणलात.'

त्या वेळी विमानांचीच बातमी असणार. महत्त्वाची होती.

नंतर परसात एकटी भेटली. म्हटलं, गाडी दुरुस्त झाली की न्यायला येतो. म्हणाली, 'बाळंतपण हितंच व्हईल.' म्हटलं, त्यानंतर? म्हणाली, 'त्यानंतर यायचं का न्हाई, ते मी ठरवीन.' आवाज चढवला नाही.

पान वाढलं होतं. पोपटरावाने पाणी तापवून दिलं, तोंड धुवा म्हणाला. मी धुतलं.

सोमवार, २७ नोव्हेंबर. एस.टी.तून.
हेराल्ड सासऱ्यांच्या दारात. कोंबड्या बसल्यात.

शेजारी न्हावरे गावचे एक म्हातारे आबा बसले. बसल्या बसल्या सुरू. पावनं कुठलं, नोकरी कुठं, पोरंबाळं किती? माझं लक्ष नव्हतं. तोंडातून निघून गेलं, 'सातवा लागलाय.'

आबांनी कपाळावर हात मारला. 'सात? आरं सरकार गावोगाव भिंती रंगवून कोकलतंय, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण काढतंय, आन् तू सातव्याला पोचला?' पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. कंडक्टरही.

खुलासा करणार होतो. एरवी अशा माणसाला मी गाडी स्टँडबाहेर पडायच्या आधीच गप्प केला असता. पण म्हटलं, बोलू दे. आबा चौफुल्यापर्यंत बोलले. बायकोच्या जिवाचे हाल, तिच्या पाठीच्या कळा, पायाला आलेली सूज. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ऐकत राहिलो.

उतरताना त्यांनी विचारलं, 'एकदा तरी तिला पुसलं का रं, तुला काय व्हतंय म्हणून?'

नाही म्हणालो.