कानातला चिमटा

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची वृद्धाश्रमात! एक ट्रंक, दोन पिशव्या आणि गळ्यात शिट्टी. शाळेतली खेळाच्या बाईंची नोकरी संपून किती वर्षं झाली, पण ही काही सुटत नाही. मॅनेजरने दारातच सांगितलं, इथे मोठे आवाज चालत नाहीत, शिट्टी आत ठेवा. मी म्हटलं, ठेवते हो, पण माझा गळा कुठे ठेवू? बिचारा हसलासुद्धा नाही.

ताईच्याच खोलीत राहायचं आहे. दोन पलंग, मध्ये टेबल, दोघींच्या उशाशी नर्सला बोलावायचं लाल बटण. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. ताई वर्षभर इथे आहे आणि ओळखू येऊ नये इतकी निवळली आहे. आयुष्यभर भित्री भागुबाई, दार आपटलं तरी किंचाळायची. आज माझ्या हातून ट्रंक धाडकन पडली, तर नुसती मंद हसली. तिच्या लेकाने चांगली जागा निवडली म्हणायची.

७ फेब्रुवारी

इथली गंमत म्हणजे कानाचा चिमटा. नाश्ता झाला की सगळ्यांनी हॉलमध्ये आरामखुर्चीत बसायचं, डाव्या कानात चिमटा, चिमट्याला वायर, वायरीला डबी. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूतून एक लांब नस निघते, व्हेगस तिचं नाव, ती गळ्यातून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाते, आणि तिची एक फांदी कानात येते. तिथे बारीक करंट दिला की धडधड कमी, झोप चांगली. सुई नाही, टाका नाही. समोरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या ठोक्यांचा आकडा दिसतो आणि यंत्र सांभाळणारा माणूस दिवसभर त्याच्याकडे बघत असतो. मी त्याचं नाव तारवाला ठेवलंय.

कानात मुंग्या आल्यासारखं होतं. खोटं कशाला बोलू, आवडलं. घोरत झोपले.

१५ फेब्रुवारी

आज ताईच्या हातावरून झुरळ गेलं. मनगटापासून थेट कोपरापर्यंत. ती बघत राहिली. मी म्हटलं, शाबास, म्हातारपणी धीट झालीस की!

मग लक्षात आलं, चप्पल मीही उचलली नव्हती. झुरळ आरामात गेलं.

२१ फेब्रुवारी

हात थरथरायला हवा होता. अक्षर बघा, कसं मोत्यासारखं.

जेवण हॉलमध्येच, चिमटे कानातच. समोर शिंपीकाका बसले होते. रोज माझ्या ब्लाउजच्या शिलाईला नावं ठेवायचे. पावाचा तुकडा त्यांच्या घशात अडकला. चेहरा निळा पडत गेला. अशा वेळी पाठीत कशा जोरात थापा मारायच्या, हे मी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलंय. मनात म्हणत होते, ऊठ, ऊठ गं बाई! आणि माझा हात सूप ढवळत होता. सगळं टेबल बघत होतं. तारवाल्याने मान वर केली, पडद्यावर सगळे आकडे ठीक होते, पुन्हा खाली घातली. काकांचाही आकडा शेवटपर्यंत ठीकच होता. मग दिसेनासा झाला.

२३ फेब्रुवारी

चिमटा काढून टाकला. डॉक्टरांना सांगितलं, मला भीती वाटते. त्यांनी माझी नाडी धरली आणि म्हणाले, घाबरलेल्या माणसाची नाडी अशी नसते. चिमटा नको असेल तर राहू द्या, नसेला आता सवय झाली आहे.

भाच्याला फोन केला. आम्हाला घेऊन जा, आजच ये, असं किंचाळायचं होतं. शब्द तेच निघाले, पण संथ, मधाळ. तो म्हणाला, मावशी, तुझा आवाज किती गोड झालाय, आणि चेष्टा पुरे कर. आईला सांभाळ म्हणाला.

२५ फेब्रुवारी

काल तीन बाकं ओलांडून फाटकापर्यंत गेले. पाय थांबले. ते थांबले, मी नाही —

ताईला विचारलं, तुला भीती वाटत नाही का गं? केस विंचरता विंचरता म्हणाली, वाटते की. पहिल्या दिवसापासून. मी सारखी ओरडत असते, तुला ऐकू येत नाही?

आणि मंद हसली.

माझी ताई. वर्षभर. आणि मी तिला धीट म्हटलं.

२७ फेब्रुवारी, सकाळ

शिट्टी ट्रंकेतून काढली. उद्या नाश्त्याला फुंकणार. सगळे दचकतील. एक जण तरी दचकेल. ताईला घेऊन मी —

२७, दुपार

ताईचं तोंड एका बाजूला ओघळलं आहे. उजवा हात पलंगाखाली लोंबतोय. डोळे माझ्याकडे. डोळे ओरडताहेत.

हे काय आहे ते मला माहीत आहे. वेळ नाही —

शिट्टी तोंडात आहे. फुंकते आहे. श्वास इतका हळू — आतला मणी हलत नाही.

नर्स दारातून डोकावली. दोघी किती शांत म्हणाली. गेली.

बटण. वहीच्या शेजारीच आहे. हात फक्त लिहितो. ताई, दाबते गं. बघ, दाबते. एवढी ओळ झाली की —

एवढी ओळ