आबा, मी घरातच होते

प्रिय आबा,

जय भीम.

काल दुपारी निकाल आला. दोन वर्षं बंदी. शर्यत नाही, शिबिर नाही, पोलीस भरतीतली खेळाडूंची जागाही गेली. आईला सांगून झालं. मग तुमच्या फोटोसमोर उभी राहिले, पण फोटोत तुम्ही असे हसताय की माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी तुम्हाला मध्येच "बरं बरं, जेव आदी" म्हणून मला गप्प करता येणार नाही!

मी काही घेतलं नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण केस उभी राहिल्यापासून शहापूरच्या एसटी स्टँडवर मला बाया थांबवून विचारतात, "कुठली गोळी घेतलीस गो?" एकीने तर दंड चाचपून पाहिला. काय सांगू त्यांना? की माझ्या लघवीत काही सापडलं म्हणून ही केस नाही, मीच घरात सापडले नाही म्हणून आहे? असं सांगितलं की त्या एकमेकींकडे बघतात आणि आणखीनच पक्कं धरून चालतात.

तुम्हाला नियम मी समजावला होता, आठवतंय? भारताच्या शिबिरात निवड झाली तेव्हा. रोजच्या एका तासाचा पत्ता मोबाइलवर भरून ठेवायचा. त्या तासात चाचणीवाले न सांगता येणार, आणि आपण तिथे सापडायलाच हवं. नाही सापडलो तर एक चूक. वर्षभरात अशा तीन चुका झाल्या की औषध घेणाऱ्याच्या रांगेत उभं करतात. सकाळी मी कालव्याच्या रस्त्यावर धावायला जाते म्हणून मी दुपारचा तास भरला. एक ते दोन. घरी. तुम्ही म्हणाला होतात, "म्हंजे हजेरीपटच की! आमच्या कंपनीसारखा."

पहिली चूक माझीच. धसईला मावशीकडे हळदीला गेले आणि पत्ता बदलायचा विसरले. दुसरीही माझीच. शिबिर एक दिवस आधी संपलं, मी घरी आले, आणि मोबाइलवर मी अजून शिबिरातच! दोन्ही वेळा कान धरते. पण तिसऱ्या वेळी मी घरात होते, आबा. आपल्या घरात, मागच्या खोलीत, पंख्याखाली!

तिसरी चूक लागल्याची मेल आली त्या दिवशी मी केवढी आरडले! "कोणी आलंच नाय! खोटारडे आहेत सगळे! शहापूरला बसून रिपोर्ट लिवतात!" तुम्ही ओट्यावर तुमच्या खुर्चीत बसून वालाच्या शेंगा सोलत होतात. एक शब्द बोलला नाहीत. उलट मीच तुम्हाला विचारलं, "आबा, तुमी सांगा, आलं होतं का कोणी?" तुम्ही म्हणालात, "आई काय म्हनते बघ, चहा ठेवलाय वाटतं."

चहा! माझं आयुष्य टांगणीला लागलेलं आणि तुम्ही चहा काढलात!

मग मी उत्तर पाठवलं. ठणकावून लिहिलं की त्या दिवशी एक ते दोनमध्ये आमच्या घरी कोणीही आलं नाही. सही केली. तुम्ही बघत होतात. मी पाठवलं तेव्हाही तुम्ही गप्प होतात. आणि पंधरा दिवसांत तुम्ही सकाळी अंघोळीला गेलात आणि न्हाणीतच छातीत कळ येऊन गेलात. भांडायलाही जागा ठेवली नाहीत.

तुमचा जलदान विधी झाला आणि तिसऱ्या दिवशी सगळी फाइल आली. कल्याणच्या वकील मॅडमनी फोनवर वाचून दाखवली. एक बाई आणि एक पुरुष एक वाजून दहा मिनिटांनी आले. 'घराच्या ओट्यावर, गळ्यात शिट्टी असलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. खेळाडू येथे नाही, कधी येईल सांगता येत नाही, असे त्यांनी सांगितले.' ते दोघं समोर गाडीत दोन वाजेपर्यंत थांबले. माझा फोन बंद होता. दोन वाजता निघून गेले.

गळ्यात शिट्टी! अख्ख्या सापगावात गळ्यात शिट्टी घालून कोण बसतं, आबा? वाशिंदच्या कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं काढलीत, रिटायर झालात, कंपनीने बूट काढून घेतले, काठी काढून घेतली, पण शिट्टी तुम्ही दिली नाहीत. तीच शिट्टी वाजवून मला पहिल्यांदा धावायला लावलंत. मी सात वर्षांची होते. आंब्यावरची माकडं हाकलायलाही तीच.

फाइल ऐकली आणि मी तुमच्या त्या खुर्चीला लाथ मारली. खोटं नाही सांगत. आई धावत आली. मी म्हटलं, "आबांनी हाकललं त्यांना! आणि मला सांगितलंसुद्धा नाय!"

आईने खुर्ची उचलून नीट ठेवली. मग म्हणाली, "तूच सांगितलं व्हतंस ना गो."

मग मला आठवलं. आबा, खरंच तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हतं! मी पदक घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून सकाळी उतरले होते. दहा वाजल्यापासून शाल-नारळवाले सुरू झाले. आधी मंडळाची पोरं, मग दोन पक्षांचे लोक, मग कोण कुठला फोटो काढायला आलेला. साडेबाराला मी हात जोडले आणि तुम्हाला म्हटलं, "आता कुणीबी येऊ द्या, मी नाय म्हणून सांगा. कुणी म्हंजे कुणी!" फोन बंद केला आणि आडवी झाले. एक ते दोन डोक्यातच नव्हतं.

तुम्ही मान हलवलीत आणि खुर्ची दाराशी घेतलीत. बावीस वर्षं तेच तर केलंत. साहेबांनी 'नाही म्हणून सांग' म्हटलं की फायलीवाला येवो नाहीतर गाडीवाला येवो, "साहेब नायत." घरी तुमची साहेब मी झाले होते!

त्या संध्याकाळी मी उठले तेव्हा आई तुमच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. मी चिडवलंसुद्धा, "काय आबा, कुठली शर्यत मारून आलात?" तुम्ही म्हणालात, "म्हातारपन गो, दुसरं काय."

आई म्हणते, तुम्ही तिला शपथ घातली होती. "बायला सांगू नको. तिनंच सांगितलं व्हतं हे तिला कळलं तर ती स्वतःला खाईल." वा! म्हणजे मी त्या लोकांना खोटारडे म्हणत सुटले, सही करून खोटं लिहून पाठवलं, ते चाललं तुम्हाला? मी स्वतःला खाल्लं असतं तर एक दिवस खाल्लं असतं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी तेव्हाच खरं लिहिलं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी आपण दोघं मिळून कागद पाठवला असता, तुमच्या अंगठ्यासकट. तुमची साक्ष झाली असती. आता मेलेल्या माणसाची साक्ष कुठून आणू?

वकील मॅडम म्हणाल्या, अजूनही वाट आहे. त्यांनी एक प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यात होतं की वडील अतिशय वृद्ध होते, स्मरणशक्ती गेली होती, गोंधळलेल्या अवस्थेत त्यांनी तसं सांगितलं. "एवढं आलं तर चूक तुझी उरत नाही. एक वर्षावर येईल. कदाचित त्याहून कमी."

तुम्ही, आणि स्मरणशक्ती गेलेली! ट्रकचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस! सोनावळ्याच्या शेतकऱ्याची गाडी कुठल्या दिवशी किती वाजता गेटवर आली हे दहा वर्षांनी सांगणारा माणूस! मी म्हटलं, "मॅडम, खोटंच लिहायचं तर मग गोळ्या खाल्ल्या असत्या, काय वाईट होतं?" त्या म्हणाल्या, "सुजाता, विचार कर. ते आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

खरं सांगू? मी विचार केला. तीन दिवस केला. तुमच्यावर एवढी चिडले होते की एकदा पेन हातात घेतलंसुद्धा. एक वर्ष म्हणजे भरतीचं वय राहतं. दोन वर्षं म्हणजे नाही राहत.

सुनावणी मोबाइलवर झाली. ओट्यावरच बसले, कारण रेंज तिथेच येते. समोर तिघं. त्यातल्या एक बाई पूर्वी स्वतः धावायच्या. त्यांनीच विचारलं, "तुमच्या वडिलांनी तुम्ही घरी नाही असं का सांगितलं?"

मी म्हटलं, "मी तसं सांगायला सांगितलं होतं म्हणून. ते शुद्धीवर होते. माझे वडील दिलेलं काम चोख करायचे. आणि कोणी आलं नाही असं मी आधी लिहिलं, ते चुकीचं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं."

एका चौकोनात वकील मॅडमनी डोळे मिटून घेतलेले दिसले. धावणाऱ्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला वाटलं होतं, खरं बोलले तर थोडं तरी बघतील. काय वेडी आहे मी! निकालात माझंच वाक्य मला परत दिलंय. खेळाडूच्याच सूचनेमुळे चाचणी हुकली, आधीचा खुलासाही विसंगत होता, सबब सूट नाही.

म्हणजे मी खोटं लिहिलं असतं तर एक वर्ष, खरं सांगितलं तर दोन! कुणाला जाऊन विचारू हे? आई म्हणते, "त्यांना आवडलं असतं गो." मी म्हटलं, "त्यांना आवडलं असतं म्हणून माझं पोट भरत नाय!" ती उठून आत गेली. तिलाही टाकून बोलले. तुमच्यावरचा राग असा घरभर सांडतोय, बघा.

इथवर काल लिहिलं होतं आणि रागानेच कागद घडी करून ठेवला होता. आज पुढचं लिहिते.

बंदी असली तरी पत्ता भरावाच लागतो. बंदीतही ते येऊ शकतात. म्हणून आज एक वाजता तुमच्या खुर्चीत येऊन बसले. दीड वाजता गाडी आली. बाई उतरली, मागून माणूस, हातात निळी पेटी. बाईने विचारलं, "सुजाता इथेच राहतात का?"

मी म्हटलं, "हो. मीच."

चाचणी झाली. बाटल्या बंद झाल्या, सह्या झाल्या. आईने पाणी दिलं. पाणी पिता पिता बाईने खुर्चीकडे पाहिलं. "त्या दिवशी इथे एक काका होते. शिट्टीवाले."

"माझे वडील. गेले ते."

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "फार धावले हो त्या दिवशी."

मला कळेना. मग तिने सांगितलं. कशासाठी आलो हे ते आधी कुणालाच सांगत नाहीत. दोन वाजले, त्यांनी सामान आवरलं. तुम्ही उठून गाडीजवळ गेलात आणि सवयीने विचारलंत, "कुठल्या कंपनीचे तुमी?" ती म्हणाली, "कंपनीचे नाही काका, डोपिंगच्या चाचणीला आलो होतो." गाडी सुटली. ड्रायव्हरला आरशात दिसलं की म्हातारबाबा शिट्टी वाजवत मागून धावत येतायत. एक हात वर करून. थेट फाट्यापर्यंत.

मी विचारलं, "थांबला का नाय तुमी?"

"थांबून काय उपयोग, ताई? दोन वाजून गेले होते."

रिपोर्टमध्ये हे नाही, आबा. रिपोर्ट दोनला संपतो!

ते गेल्यावर मी फाट्यापर्यंत पावलं मोजत चालत गेले. आठशे मीटरला थोडं कमी. भर उन्हात, त्या गुडघ्यांनी! आणि मी विचारलं होतं, कुठली शर्यत मारून आलात. तुम्ही तेवढं तरी सांगायचं होतंत हो! बाकी सगळं पोटात ठेवलंत ते ठेवलंत, हे तरी सांगायचं. मी तुमचे पाय चोळले असते. अजूनही चिडलेलीच आहे मी तुमच्यावर. एवढ्यात राग जायचा नाही.

पण एक शब्द देते. ही दोन वर्षं रोज एक ते दोन मी तुमच्या खुर्चीत बसेन, आणि कोणीही विचारलं तरी मी घरात आहे म्हणूनच सांगेन. एसटी स्टँडवरच्या बायांनाही तोंड लपवणार नाही. आणि उद्या सकाळपासून माझा सराव आपल्या दारातून सुरू होईल. फाट्यापर्यंतचं पहिलं अंतर तुमचं. शिट्टी आईकडे दिली आहे. तिला अजून नीट वाजवता येत नाही, पण शिकेल.

तुमची, घरातच असलेली,
बाय